पुढची डावी सीट

"गेला बघा आत!" मिस्त्रीने कपाळावर हात मारला. "आता अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागणार, सिस्टर. दोन दिवसांची खोटी."

करंगळीच्या नखाएवढा पितळी वॉशर त्याच्या तेलकट बोटांतून निसटून गिअरबॉक्सच्या फटीत जाऊन बसला होता. सिस्टरांनी चष्मा सारखा केला, पिशवीतून दवाखान्यातला लांब चिमटा काढला आणि पदर खोचून गाडीखाली आडव्या झाल्या.

"बॅटरी धरा. इकडे नाही हो, माझ्या हाताच्या मागून."

मिनिटभर फक्त श्वास ऐकू येत होता. मग चिमट्याच्या टोकाला वॉशर धरून त्या बाहेर आल्या. केसांना कोळिष्टकं, गालावर ग्रीसचा पट्टा.

"बंदुकीची गोळी काढावी तसा काढलात की!"

"गोळी काढणं सोपं. कुठं दुखतंय ते माणूस ओरडून सांगतो तरी."

सिस्टरांना चौसष्टावं चालू होतं. सगळी नोकरी लसीकरणात गेली. लग्नाचं आज बघू, उद्या बघू करता करता राहून गेलं आणि निवृत्तीनंतर त्या धाकट्या भावाच्या घरी, मागच्या खोलीत राहायला आल्या. दोन वर्षं सगळ्यांना शिस्तीत औषधं दिली, पडदे शिवले. मग एक दिवस भंगारवाल्याच्या आवारात ही जीप दिसली. चारही चाकांना ताकद जाणारी, जुन्या बांधणीची. तळाचा पत्रा चाळणी झालेला, सीटमधून गवत उगवलेलं. सिस्टर तिच्यासमोर पाऊण तास उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी ती ओढून घरी आणली.

"ताई, या वयात माणसं गुडघ्याला तेल लावतात," भाऊ म्हणाला. "तू गाडीला लावणार?"

"गुडघ्यालाही लावते. उरलेलं हिला."

आठवडाभर अंगणात भावजयीच्या झाडूचा आवाज जरा जास्तच येत होता.

मिस्त्री रविवारी सकाळी यायचा, बाकी सहा दिवस सिस्टर एकट्याच खपायच्या. गंज घासायचा, तारा बदलायच्या, एकेक नट रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचा. अवघड सांध्यांत त्या इंजेक्शनच्या सुईने तेल सोडत. काय मोडलंय ते बघायचं आणि हात न थरथरता नीट करायचं, हेच तर त्या आयुष्यभर करत आल्या होत्या.

असल्या गाड्यांचे शौकीन एकमेकांच्या वासावर असतात. एक दातांचे डॉक्टर मुद्दाम बघायला आले. त्यांच्याकडे अशा चार होत्या. सगळं बघून मान डोलावली आणि रंगाच्या डब्यापाशी अडले.

"पांढरा? हिचा मूळ रंग हिरवा. पांढरा दिलात तर किंमत शून्य."

"विकायचीय कुणाला?"

"तरी पण पांढराच का?"

"मला बघायची सवय आहे पांढऱ्याची," सिस्टर म्हणाल्या आणि ब्रश धुवायला गेल्या.

त्यांची सवय अकरा वर्षांची होती. डोंगरातल्या वस्त्यांवर लस पोचवणाऱ्या पथकाची जीप पांढरी होती. सोमवारी सकाळी निघायचं, शनिवारी परतायचं. मागे बर्फाच्या पेट्या, पुढे डाव्या सीटवर सिस्टर आणि चाकावर पायलट. पायलट म्हणजे ड्रायव्हरच, पण सगळं खातं त्यांना पायलट म्हणायचं. माणूस अबोल. चढावर पुढच्या चाकांनाही ताकद देणारा दांडा टाकताना 'धरा' म्हणायचे आणि वस्ती आली की 'आलं'. या दोन शब्दांवर दिवस निघायचा. पण सिस्टरांचा डोळा लागला की गाडीचा वेग हळूच कमी व्हायचा, हे त्यांना तिसऱ्याच महिन्यात कळलं होतं. त्यानंतर कधीकधी झोप नसतानाही त्या डोळे मिटून घेत.

एकदा ओढ्यात अचानक पाणी वाढलं. गाडी मध्यावर बंद पडली आणि दोघं चार तास टपावर बसून राहिले. सिस्टर कुडकुडत होत्या. पायलटांनी अंगातला स्वेटर काढला. सिस्टरांनी हात पुढे केला, तर यांनी तो लशीच्या पेटीला गुंडाळला. "गार राहायला पाहिजे पेटी," ते म्हणाले. सिस्टर इतक्या हसल्या की पाण्यात पडायच्याच बाकी होत्या. मग पायलटही हसले. त्यांना हसताना त्या दिवशीच काय ते पाहिलं.

आणि अकराव्या वर्षी, एका सोमवारी, चाकावर दुसराच माणूस होता. "त्यांची बदली झाली," तो म्हणाला. बस्स. ना निरोप, ना चिठ्ठी. वरच्या साहेबांनी काडी घातली असणार, असं सिस्टरांनी धरलं आणि त्या साहेबांशी निवृत्तीपर्यंत कामापुरतंच बोलल्या. पायलटांवरचा राग वेगळा. तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता. पायलटांच्या घरी बायको होती, दोन मुलं होती. रागावायचं तरी कुठल्या नात्याने?

ती पांढरी जीप पुढे खात्याने मोडीत काढून तुकड्यांनी विकली. अंगणातली ही ती नव्हे, हे सिस्टरांना पक्कं माहीत होतं.

गाडी जवळजवळ उभी राहिली आणि कार्बोरेटरच्या एका बारीक सुट्या भागापाशी अडली. तो कुठेच मिळेना. शेवटी सुट्या भागांचा म्हातारा दुकानदार म्हणाला, "पाण्याच्या टाकीमागे एक जुने ड्रायव्हर राहतात, मुलीकडे. त्यांच्याकडे पेटीभर माल आहे. आरोग्य खात्यात होते. पायलट म्हणायचे त्यांना."

सिस्टरांनी पिशवीचा बंद दोनदा हाताला गुंडाळला. "पत्ता लिहून द्या," त्या म्हणाल्या.

मुलीने दार उघडलं. तिने पेटी आणून दिली, तेव्हा आतल्या खोलीत खिडकीपाशी पाठमोरे पायलट बसलेले दिसले. खांदे तेच होते, सदरा मात्र आता त्यांवर टांगल्यासारखा दिसत होता.

"बाबांना दिसत नाही आता," मुलगी म्हणाली. "आई गेल्यापासून आठवणही दगा देते. मलाही कधीकधी कोण तू म्हणतात. पण गाडीचं काढलं की तासभर बोलतील. या ना आत, भेटा."

"नको," सिस्टर म्हणाल्या. "गाडी झाली की येईन. फेरी मारून आणते त्यांना."

अजून तीन महिने लागले. रंगाचे दोन हात झाले, कापडी टप शिवून झाला. एका सकाळी पांढरी जीप टाकीमागच्या गल्लीत शिरली आणि हॉर्न द्यायच्या आधीच पायलट मुलीचा हात धरून फाटकाशी आले होते.

सवयीने ते उजव्या बाजूला आले. चाचपडत स्टेअरिंगला हात लागला आणि तिथेच थबकले.

"बाबा, पलीकडून बसायचं," मुलगी म्हणाली.

बॉनेटवरून हात फिरवत ते वळसा घालून डाव्या बाजूला गेले. सीटवर तळवा टेकला, पण चढेनात.

"ही सिस्टरांची जागा," ते म्हणाले.

चाकावर बसलेल्या सिस्टरांनी त्या सीटवरची आपली पिशवी उचलून मागे ठेवली. "आज रिकामी आहे. बसा तुम्ही," त्या म्हणाल्या.

आवाज ओळखीचा वाटल्याचं कसलंही चिन्ह त्या चेहऱ्यावर नव्हतं. पायलट बसले. गाडी गल्लीतून निघून तळ्याकडच्या कच्च्या रस्त्याला लागली. ते मान कलती करून इंजिन ऐकत होते.

"हीच आपली गाडी," ते म्हणाले.

"हो. हीच."

"चांगली ठेवलीत, बाई. आणि त्या सिस्टर? कुठे असतात हो आता?"

रस्त्यावर समोर कुणी नव्हतं, तरी सिस्टरांनी वेग कमी केला. मी, मीच ती, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"असतात इथेच. बऱ्या आहेत."

"बरं झालं." थोडा रस्ता गेला. "त्यांना वाटत असेल, माझी बदली झाली."

"झालीच ना?"

"मी मागून घेतली."

सिस्टरांचा पाय क्लचवरून सटकला. गाडीने एक गचका खाल्ला आणि सावरली.

"का? लोक बोलायला लागले होते?"

"लोकांना काय माहीत? कुणी काही बोललं नाही." पायलटांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "माझं मलाच कळायला लागलं होतं, बाई. घरात माझी माणसं असायची. रविवारचं सगळे एकत्र जेवायला बसायचो. आणि मी मनात सोमवारची वाट बघत असायचो. बायकोने वाढताना माझ्याकडे बघितलं एकदा. चांगली होती ती. दुसऱ्या दिवशी मी अर्ज दिला."

"त्यांना सांगायचं तरी," सिस्टर म्हणाल्या. आवाज शक्य तितका परका ठेवून. "त्या सिस्टरांना."

"काय सांगणार?"

तीस वर्षं सिस्टर ज्या प्रश्नावर कुढत बसल्या होत्या, तोच पायलटांनीही तितकीच वर्षं बाळगला होता. तळ्याचा काठ आला. इथून वळून परत जायचं ठरलं होतं. पुढचा रस्ता टेकडीला वळसा घालून, दीड तासाचा फेरा मारून गावात उतरत होता. सिस्टरांनी गाडी त्या रस्त्याला घातली. चढ लागला तशी त्यांनी पुढच्या चाकांचा दांडा टाकला. थोड्या वेळाने पायलटांची मान छातीवर आली, डोळे मिटले. झोप लागली होती की नाही, कुणी सांगावं? सिस्टरांनी एकेक खड्डा चुकवत गाडी नेली.

फाटकाशी मुलगी काळजीत उभी होती. "किती उशीर! मला वाटलं, बंद पडली कुठे."

"नाही पडली," सिस्टर म्हणाल्या.

मुलीने हात धरून उतरवलं, तरी पायलट जागचे हलेनात. तळवा पुढे करून उभे राहिले.

"बाबा, काय हवंय?"

"सही राहिली. लॉगबुक."

सिस्टरांना चटकन कळलं. सरकारी गाडीचा नियमच तो होता. फेरी संपली की बसणाऱ्याने, म्हणजे तेव्हा सिस्टरांनी, वहीत सही करायची, त्याशिवाय ड्रायव्हर घरी जात नाही.

"ऐकू नका त्यांचं," मुलगी ओशाळून म्हणाली. "कुठलीतरी वही मागतात."

पण सिस्टरांनी पिशवीतून रंगाच्या दुकानाची कोरी पाठ असलेली पावती काढली. बॉनेटवर ठेवून तारीख घातली, निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ. खाली पूर्ण नाव लिहिलं, नोकरीत लिहायच्या तसं, हुद्द्यासकट, आणि सही केली. मग कागद त्यांच्या तळव्यावर ठेवला.

पायलटांनी अंगठ्याने कागदाची कड चाचपली. चार पदरी घडी घालून तो सदऱ्याच्या खिशात ठेवला, खिशाचं बटण लावलं आणि मुलीचा हात धरून पायरी चढले.