चिमणीच्या विरुद्ध

एकोणीसशे एकोणनव्वद साली आमच्या घरातली दोन माणसं हवामानावरून एकमेकांशी बोलेनाशी झाली. एक आमचे हे, वीजकेंद्रात बॉयलरवर कामाला. दुसऱ्या वन्सं, यांची थोरली बहीण. त्या हायस्कुलात भूगोल शिकवायच्या, लग्न केलं नव्हतं, आमच्याजवळच राहायच्या.

पृथ्वी तापत असल्याच्या बातम्या तेव्हा नुकत्याच छापून येऊ लागल्या होत्या. जेवताना वन्सं सहज म्हणाल्या, "यात तुमच्या चिमणीचाही हात आहे हो."

यांचा घास हातातच राहिला. "माझा हात म्हण ना सरळ. बर्फाची युगं आली नि गेली, तेव्हा कोण कोळसा जाळत होतं?"

"शिकलेल्या माणसासारखं बोल जरा."

तिथेच बिनसलं. ताईचं शिक्षण पुरं व्हावं म्हणून यांनी आपलं अर्धवट सोडलं होतं.

त्यानंतर मीठ मागायचं तरी माझ्यामार्फत. एक दिवस वन्सं शाळेजवळ खोली बघून आल्या. मला आई नव्हती. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनी काढली होती. त्या गेल्या असत्या तर मी पुन्हा पोरकी झाले असते.

वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या वाचनालयात दरवर्षी वादसभा व्हायची. तिथे ज्याचं जे मत असेल, त्याच्या उलट बाजूने त्याने बोलायचं, असा नियम होता. "आपलीच बाजू मांडायला आरसा पुरतो, सभा कशाला?" असं म्हातारे ग्रंथपाल म्हणायचे. मी त्यांना घरातली गोष्ट सांगितली. त्यांनी विषय ठरवला, 'पृथ्वी माणसामुळे तापते आहे का', आणि मी दोघांची नावं परस्पर देऊन टाकली.

दोघंही माझ्यावर उखडले. पण नाव मागे घेणं म्हणजे हार, आणि हट्टाच्या बाबतीत दोघं एकाच आईची लेकरं.

तयारीत मात्र अडलं. एका संध्याकाळी हे स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळले. "ताई, हा वायू उष्णता धरून ठेवतो म्हणजे करतो काय?"

वन्सं भाजी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ऊन आत येऊ देतो, पण जमिनीची ऊब सगळी बाहेर जाऊ देत नाही. पांघरुणासारखं. बस इथे. आणि तुझी ती बर्फाची युगं कशी ठासून सांगायची, ते मला सांग."

"भूगोलाची मास्तरीण तू."

"मला शिकवता येतं रे, भांडता येत नाही."

"कोण म्हणतं?" हे म्हणाले. मी तोंडाला पदर लावला.

सभेत वन्संनी बर्फयुगं सांगितली, सूर्याचे चढउतार सांगितले, आणि मधेच थांबल्या. "ज्या विजेच्या उजेडात मी वह्या तपासते, ती माझा भाऊ करतो. बटण मी दाबते आणि आरोपी तो, हे काही बरोबर नाही."

ग्रंथपालांनी घंटी वाजवली. "बाई, तुम्ही बाजू सोडलीत."

मग हे उठले. "आमच्याकडे रेल्वेच्या वाघिणी भरभरून कोळसा येतो. राख निघते ती त्यामानाने थोडीच. बाकीचा जळून संपला, असं मी इतकी वर्षं धरून चाललो. तो संपत नाही, वर जातो. ताई म्हणते तसं त्याचं पांघरूण होतं. ते आपण घातलंय म्हणताना मला जड जातंय. पण नियम आहे, म्हणून म्हणतो."

बक्षीस यांना मिळालं. घरी येताना म्हणाले, "मी आपला नियम पाळला हं."

"हो रे बाबा," वन्सं म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या खोलीला नाही म्हणून सांगून आल्या.

ग्रंथपाल पुढे चार-पाच वर्षांनी गेले. वाद अजून चालतात, पण हल्ली जो तो आपापल्या बाजूनेच बोलतो, असं ऐकते. वीजकेंद्र बंद झालं तेव्हा हे निवृत्त होते. वाईट वाटलं का, विचारलं तर म्हणाले, "वाटलं. पण व्हायला हवं होतं." याहून जास्त ते कधीच बोलले नाहीत. वन्सं मुख्याध्यापिका झाल्या आणि शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिल्या. आता दोघंही नाहीत. एवढी वर्षं मला त्या दोघांच्या पंगतीला वाढायला मिळालं, आणखी काय मागायचं?