रेवताबाईचा जबडा

सानगडीच्या बाजारात रेवताबाईच्या मासोळीआधी तिचा आवाज पोचायचा. तलावातली रोहू आणि मरळ घेऊन ती ताडपत्री अंथरायची, कापायची पावशी पायाखाली दाबायची आणि तोंड सुरू करायची, ते थेट बाजार उठेपर्यंत. शेजारी बसायची ललिताबाई. तीही मासोळीवालीच, आणि आवाजाने तसूभरही कमी नाही. तीन वर्षं दोघींचं धड बोलणं नव्हतं. होतं ते फक्त भांडण.

त्या दिवशी रेवताबाईने ललिताबाईच्या एका गिऱ्हाइकाला हळूच सांगितलं, "तिचे झिंगे कालचे हायेत." गिऱ्हाईक वळलं. ललिताबाईने ते नेमकं ऐकलं.

"काहून वो रेवता? कालचे कायले? सकाळी माह्या डोळ्यांदेखत जाळ्यातून निघाले ते!"

झिंग्यांवरून ती रेवताबाईच्या बोथट पावशीवर गेली, पावशीवरून तिच्या वजनकाट्यावर आणि तिथून तिच्या नणंदेच्या लग्नातल्या अळणी भाजीवर. रेवताबाईजवळ प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार होतं. पण आज तिला एक नामी युक्ती सुचली. उत्तर द्यायचंच नाही. ती ललिताबाईकडे तोंड करून बसली आणि तिने मुद्दाम, आवाज काढून, दाढा दिसतील अशी भली मोठी जांभई दिली.

दोन्ही कानांपुढे 'कट्' झालं, आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"झालं ना आता? मिट तोंड!" ललिताबाई कडाडली. "पाहा हो पाहा, कशी वेंगाडून दाखवून राहिली मले!"

"आ... आआ," रेवताबाईने कानांकडे बोट दाखवलं.

"ऐकू येत नाही म्हणते! बरी बहिरी झाली वेळेवर!"

रेवताबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. हनुवटीवरून लाळ पदरावर गळू लागली. ललिताबाई उठून तिच्यापुढे वाकली.

"माय वो! अटकलं का तुह्यं?"

रेवताबाईने जोरजोरात होकारार्थी मान हलवली.

क्षणात माणसं जमली. कोणी मिरचीची धुरी द्या म्हणालं. कांदेवाला तेजराम तर खालून एक ठोसा हाणायला बाह्या सरसावून पुढे आला.

"खबरदार हात लावशील तर!" ललिताबाईने त्याला अडवलं. "दोघींच्याही टोपल्या सांभाळ, एवढंच काम कर." मग तिने ऑटो थांबवला आणि रेवताबाईला घेऊन साकोलीची वाट धरली. मासोळीवालीच्या मागे माश्या असायच्याच, म्हणून वाटभर तिने आपला पदर रेवताबाईच्या उघड्या तोंडावर धरून ठेवला.

दवाखान्यात तृप्ती नावाच्या तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कानांपुढे बोटं दाबून पाहिली.

"कसं झालं?"

"मी बोलून राहिली होती अन् इनं जांभई देल्ली."

"किती वेळ बोलत होतात?"

ललिताबाई खिडकीबाहेर पाहू लागली.

"वय किती यांचं?"

"असंल साठेक."

"आआ! आआआ!" रेवताबाई खुर्चीतून अर्धी उठली. बोटांनी काहीबाही आकडे दाखवू लागली. डॉक्टरीणबाईंनी तिला खाली बसवलं आणि समजावलं, "जबड्याचा गोळा कानापुढच्या खोबणीत बसतो. तोंड उघडलं की तो पुढे सरकतो, मिटलं की मागे येतो. तुम्ही इतकं उघडलंत, की तो पुढचा उंचवटा ओलांडून गेला. आता त्याला खाली दाबून मागे ढकलायचं. अंग सैल सोडा."

त्यांनी दोन्ही अंगठ्यांना जाड कापड गुंडाळलं.

"हे कायले?" ललिताबाईने विचारलं.

"जबडा बसला की तोंड फटकन मिटतं. अंगठे मला अजून लागणार आहेत."

त्यांनी मागच्या दाढांवर अंगठे ठेवून खाली दाबलं, मग मागे. रेवताबाईला वाटलं, आता डोकंच निघून हातात येतं. 'खट्' झालं. तोंड मिटलं. तिने हळूच जीभ फिरवून पाहिली. सगळं जागेवर होतं.

"बावन्न," ती म्हणाली. "साठ नाही. बावन्न."

डोक्यावरून हनुवटीखाली पट्टी बांधली गेली. दोन-तीन आठवडे मऊ खायचं, जांभई आली तर हनुवटीला हात लावायचा, आणि ओरडायचं अजिबात नाही.

परतताना ऑटोत ललिताबाई बोलत होती आणि रेवताबाई ऐकत होती. तीन वर्षांत ललिताबाईचं बोलणं तिने शेवटपर्यंत असं पहिल्यांदाच ऐकलं. मिथुन, ललिताबाईचा पोरगा, हैदराबादला कामाला गेला होता. आठवड्यातून एकदा फोन करायचा, 'ठीक आहे' म्हणायचा आणि ठेवून द्यायचा.

"घरी भिंतीशी बोलू का मी?" ललिताबाई म्हणाली. "बाजारात तू तरी भांडते."

एरवी रेवताबाईने यावर काहीतरी टोचणारं फेकलं असतं. आता तिने नुसता ललिताबाईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

घरी रेवताबाईच्या नवऱ्याला, मोतीलालला, लग्नानंतर प्रथमच एक अख्खी गोष्ट सांगून संपवता आली. त्याने ती लगेच दुसऱ्यांदाही सांगितली.

पुढच्या बाजारी रेवताबाई पट्टी बांधून मुकाट मासोळी कापत होती, आणि ललिताबाई दोघींच्या वतीने ओरडत होती. "घ्या रेवताची मरळ! खाल्ली की म्हातारा बी पळते!" रेवताबाईला असं हसू फुटलं, की तिने दोन्ही हातांनी जबडा धरला.

तिसऱ्या आठवड्यात पट्टी सुटली आणि त्याच बाजारी ताडपत्रीच्या हद्दीवरून भांडण पुन्हा जुंपलं. पण आता रेवताबाई एक हात हनुवटीखाली ठेवून, दात जेमतेम उघडून, अगदी हळू आवाजात भांडायची. तिचं वाक्य पुरं होईपर्यंत ललिताबाईला थांबावं लागायचं. काय चाललंय ते ऐकायला लोक जवळ यायचे, आणि एवढ्या जवळ आलेलं माणूस मासोळी घेतल्याशिवाय परत जात नसे.