गंज सांगून चढत नाही

"तेलाच्या फडक्यात खोच गं सुई, चिमणे. गंज काही सांगून चढत नाही."

ताईचा आवाज अजून कानात... दातांत दोरा धरून बोलल्यासारखा. आणि बोटांत धरलेल्या सुईच्या नेढ्यापाशी तांबूस ठिपका. चिमणीनं नखानं खरवडून पाहिला, निघेना. ताईनं अर्धवट टाचलेल्या बाहीत ही सुई तशीच राहिली होती – कुणाचा हात धजला होता ती काढायला?

शिवणाचं दुकान दोघी बहिणींचं. ताईला अंगातून उष्णतेचे उबाळे यायचे. भर थंडीत ती खिडकी सताड उघडायची, म्हणायची, "इस्त्रीला वीज कशाला जाळतेस? माझ्या पाठीवर ठेव, तापेल!" दोघी हसून लोटपोट. मग जबडा ठणकला – दाढ असेल. जिन्यात दम लागला – वय झालं. छातीत जळजळ – पित्त. "पाळी जाताना बाईला असलं सगळं होतंच," असा टाका घालून ताई मोकळी. आणि त्या दुपारी बाही टाचता टाचता तिची मान मशीनवर टेकली. चिमणीला वाटलं, डुलकी लागली. म्हणून तिनं आपलं मशीन थांबवलं... आवाजानं ताईची झोप मोडू नये म्हणून.

दवाखान्यात रक्त तपासणारी भाची नंतर म्हणाली होती, "मावशी, पाळी जाते तेव्हा हृदयाची राखण करणारं संप्रेरकही ओसरतं गं. रक्तवाहिन्यांना आतून गंज चढल्यासारखं होतं. आईचं वेळेवर कळलं असतं तर– तू तरी डॉक्टरांना दाखवशील ना?"

शब्द दिला होता. तो अजून तसाच.

आत्ता तिच्याही अंगातून गळ्यापर्यंत उबाळा आला. तिनं खिडकी उघडली. जबडा ठणकत होता – दाढ असेल... आणि ती दचकली. हे बोललं कोण?

दवाखान्यात जायची भीती दुखण्यामुळे नव्हतीच. डॉक्टर म्हणाले, बरं झालं आलात, औषधानं सांभाळता येईल – तर? मग ताईचंही सांभाळता आलं असतं. देवाची इच्छा म्हणून रोज हात जोडते मी, डोळे पुसते, दिवस ढकलते... ती इच्छा त्याची नव्हतीच असं निघालं, तर उद्या हात कशासाठी जोडू? ताई, तुझं जाणं अटळ होतं, एवढंच तर माझ्यापाशी उरलंय. तेही सोडू?

ताईच्या मशीनवरची ओढणी तिनं उगाच सारखी केली. मग सुई तेलाच्या फडक्यात खोचली, ठिपक्यासकट.

खालच्या इस्त्रीवाल्यानं विचारलं, "एवढ्या उन्हाच्या कुठं, बाई?"

"जरा दवाखान्यात... ताईचं एक काम राहिलंय."

चढावर दम लागला. कठडा धरून ती थांबली, डोळे भरू दिले. त्या दमाला या वेळी ती वय म्हणाली नाही. मग हळूहळू पुढे निघाली.