सुलेखाताईंचा सल्ला

शहरातल्या गुलमंडी बाजाराच्या मागच्या गल्लीत एक सेवा केंद्र आहे. आधार दुरुस्ती, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, राजपत्रात नाव बदलणं, सगळी कामं तिथं होतात. तिथल्या दुसऱ्या टेबलावर जी व्यक्ती बसायची तिला गिऱ्हाइकं प्रणयभाऊ म्हणत. वय एकोणतीस, बारीक मिशी, पूर्ण बाह्यांचा शर्ट. पडेगावात भावाच्या घरी राहणं. पण ती स्वतःच्या मनात प्रणय कधीच नव्हती. आठवीत असल्यापासून आपण बाई आहोत हे तिला ठाऊक होतं, आणि बाविसाव्या वर्षी तिनं स्वतःला सुलेखा हे नाव दिलं होतं. ते नाव तिनं कधी तोंडानं उच्चारलं नव्हतं. एकदा कागदावर लिहिलं, तर त्याचे बारीक तुकडे करून दोन वेगवेगळ्या कचरापेट्यांत टाकले होते.

हे नाव तिनं पहिल्यांदा वापरलं ते फोनवरच्या एका ग्रुपात. जालना, पैठण, सिल्लोड, कुठून कुठून तिच्यासारख्या मुली त्यात होत्या. बहुतेकींच्या घरी काही माहीत नव्हतं. ग्रुप रूपानं काढला होता. रूपा पंचेचाळिशीची. डॉक्टर, औषधं, ऑपरेशन, कागदपत्रं, घरच्यांची बोलणी, सगळ्यातून पार पडलेली बाई. शहराच्या छावणी भागातल्या आपल्या दोन खोल्यांत ती दर रविवारी मुलींना बोलवायची. सुलेखाला कैकदा बोलावणं आलं, पण ती कधी गेली नाही. मिशीचं तोंड घेऊन तिथं कसं जायचं, असं तिला वाटे.

ग्रुपात ती फक्त कागदांबद्दल लिहायची. नाव बदलायचं तर आधी काय काढायचं, प्रतिज्ञापत्रात कोणता शब्द चुकला की अर्ज परत येतो, हे तिला तोंडपाठ होतं. तिचं सांगणं कधी चुकत नसे. हळूहळू मुली तिला सुलेखाताई म्हणू लागल्या. ज्या दुपारी पहिल्यांदा कुणी ताई लिहिलं, त्या दुपारी तिनं डबा न उघडता तो एक शब्द पाच-सहा वेळा वाचला.

मग एकीनं विचारलं, ताई, तुमचे उपचार सुरू होऊन किती वर्षं झाली? सुलेखानं चार लिहिलं. का लिहिलं, ते तिला पुढं कितीही विचार करून सांगता आलं नाही. खोडायला वेळ होता, पण तिनं खोडलं नाही. तेवढ्यात खाली हात जोडलेली चित्रं येऊ लागली होती, आणि ती पाहताना तिला बरं वाटत होतं.

एका खोट्याला सांभाळायला मग रोज नवं खोटं लागू लागलं. नोकरीमुळे फोटो टाकता येत नाही. घशाचा त्रास आहे म्हणून फोनवर बोलता येत नाही. त्या दिवसांत सिल्लोडची एक मुलगी तिला वेगळे निरोप पाठवू लागली. वय एकवीस, कॉलेज करून मोबाइलच्या दुकानात बसायची. घरचं नाव सांडू. तिनं स्वतःचं नाव अपेक्षा ठेवलं होतं. सकाळी उठल्यावर आरशात पाहावंसं वाटत नाही इथपासून बहिणीची ओढणी कशी लपवली इथपर्यंत ती सगळं ताईला सांगायची. सुलेखा तिला अगं म्हणायची, जेवलीस का विचारायची.

आणि एक दिवस अपेक्षानं गोळ्यांचं विचारलं. डॉक्टरकडं जायची भीती वाटते, सिल्लोडात सगळे ओळखीचे आहेत, तुम्ही काय घेतलं होतं तेवढंच सांगा.

रूपानं ग्रुपात कितीदा बजावलं होतं की गोळीचं नाव कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही, आधी डॉक्टर, आधी रक्ततपासणी. सुलेखानं तेच सांगायला हवं होतं. मला माहीत नाही, एवढं म्हटलं तरी पुरलं असतं. पण चार वर्षं झालेल्या बाईला हे माहीत नाही असं कसं चालेल? तिनं कुठलं तरी इंग्रजी पान अर्धंमुर्धं वाचलं, आणि बायका मूल राहू नये म्हणून घेतात त्या गोळ्यांचं नाव आणि रोज किती घ्यायच्या तो आकडा लिहून पाठवला. खाली आणखी एक वाक्य लिहिलं. मीही हेच घेतलं होतं.

त्यानंतर अडीच महिन्यांनी, एका सोमवारी अकराच्या सुमाराला, केंद्रात गर्दी असताना रूपाचा फोन आला. याआधी तिनं कधी फोन केला नव्हता. सुलेखा जिन्याखाली गेली आणि उचलला.

"सुलेखा का?"

"हो," ती म्हणाली. स्वतःचा जाडाभरडा आवाज तिच्याच कानांवर आदळला. रूपा आवाजाबद्दल काही न विचारता सरळ सांगू लागली. अपेक्षाला काल इथल्या सरकारी दवाखान्यात आणलंय. डावा पाय मांडीपर्यंत सुजलाय, रक्ताची गाठ झालीय. ती वर छातीत सरकली तर जिवावर बेतेल. काय खाल्लं होतं म्हणून डॉक्टर विचारून थकले, पोरगी तोंड उघडत नाही. आई उशाशी बसलीय. मला एवढंच म्हणाली, सुलेखाताईंना बोलवा. तू येशील का?

सुलेखाच्या मनात पहिला विचार आला तो अपेक्षाचा नव्हता. आता आपलं बिंग फुटणार, हा होता. पुढं कितीतरी महिने तिला सगळ्यांत जास्त लाज वाटली ती गोळ्यांच्या नावाची नाही, या पहिल्या विचाराची.

ती दवाखान्यात पोचली तेव्हा पुरुषांच्या वॉर्डात अपेक्षा खिडकीजवळच्या खाटेवर होती. खाटेला लटकवलेल्या कागदावर नाव सांडू. पाय उशीवर उंच ठेवलेला, कातडी ताणून चकाकत होती. उशाला नऊवारीतली बाई बसली होती. ती आई, कडूबाई. तिनं सुलेखाला पाहिलं आणि लगबगीनं उठून स्टूल पदरानं पुसलं.

"सांडूचे दोस्त का तुमी? बसा दादा. बरं झालं आले. कालपसून कुणाशी बोलंना झालंय लेकरू."

तिनं तांब्यातलं पाणी दिलं. नको म्हणता येईना, सुलेखा प्यायली. कडूबाई आपणहून बोलत राहिली. सांडू झाला तेव्हा तिचा स्वतःचा पायही असाच सुजला होता, तीन महिने खाटेवर काढले होते, आपलंच दुखणं लेकराला लागलं की काय, म्हणून ती स्वतःला दोष देत होती. सुलेखा खाली फरशीकडं पाहत ऐकत होती. म्हणजे गोळ्या सांगणाऱ्यानं, घरात कुणाला असं दुखणं आहे का, एवढा एक प्रश्न विचारला असता, तर सगळं समजलं असतं. तिनं विचारला नव्हता. विचारायचा असतो हेच तिला माहीत नव्हतं.

कडूबाई तांब्या भरायला गेली तेव्हा अपेक्षानं मान वळवली. तुम्ही रूपाअक्कांकडून आलात का, असं तिनं विचारलं.

"सुलेखाताईंनी पाठवलं," सुलेखा म्हणाली. बोलून गेल्यावर तिला कळलं की आपण आताही खोटंच बोललो.

"त्या नाही आल्या?"

"त्यांना जमलं नाही."

अपेक्षानं नजर वरच्या पंख्याकडं वळवली. मग हळू आवाजात म्हणाली, "ताईंना सांगा, मी त्यांचं नाव घेतलं नाय. डॉक्टरनी लई विचारलं. मेले तरी घेणार नाय. मला जन्मात पहिल्यांदा कुणी अगं म्हणलं असंल तर त्यांनी."

सुलेखा उठली. येते म्हणावं की येतो म्हणावं ते न सुचून काहीच न म्हणता बाहेर आली. जिन्यापाशी एक उंच, सावळी बाई भिंतीला टेकून उभी होती. तिनं सुलेखा म्हणून हाक मारली तेव्हा आवाजावरून कळलं, रूपा. रूपानं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत एकदाच पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, आणि राग असता तर बरं झालं असतं असं सुलेखाला वाटलं.

"चार वर्षं म्हणजे खोटं ना?"

सुलेखानं मान डोलावली.

"मला शंका होती," रूपा म्हणाली. "ज्यांनी सोसलंय त्या इतकं सोपं करून सांगत नाहीत. मी तेव्हाच विचारायला पाहिजे होतं, नाय विचारलं. तो दोष माझ्याकडं लागला." मग तिनं विचारलं, "गोळ्या तूच सांगितल्या?"

"हो."

"मग रडायचं असंल तर मागून रड. आधी डॉक्टरकडं जा. तिच्या तोंडून निघत नाय, तुझ्या तोंडून निघू दे."

वॉर्डाच्या दाराशी टेबलावर एक तरुण डॉक्टरीणबाई कागद भरत होत्या. सुलेखा त्यांच्यासमोर उभी राहिली. आकडे तिला नीट आठवत होते. गोळीचं नाव, रोज किती, केव्हापासून. आईचा पाय बाळंतपणात सुजला होता तेही तिनं सांगितलं. डॉक्टरीणबाई भराभर लिहीत गेल्या आणि मग पेन थांबवून त्यांनी विचारलं की हे सगळं तुम्हाला कसं माहीत.

"मीच सांगितलं होतं तिला."

"तुम्ही कोण? नर्स आहात? औषधाच्या दुकानात आहात?"

"नाही," सुलेखा म्हणाली. "मी दाखले काढून देते."

देते. शब्द निसटून गेला. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा ती मोठ्यानं बाईसारखी बोलली होती, आणि तेही कुठं, तर गुन्हा कबूल करताना. डॉक्टरीणबाईंनी मान वर करून तिच्या मिशीकडं पाहिलं. पुन्हा कागदाकडं वळत त्या शांतपणे म्हणाल्या, "आईचं दुखणं आधी कळलं असतं तर या गोळ्या कुठल्याच डॉक्टरनं दिल्या नसत्या. बाकीचे मार्ग असतात. पण ते तपासून द्यायचे असतात." आईला काही सांगायचं की नाही ते पेशंट ठरवेल, असंही त्या म्हणाल्या.

सुलेखाला तिथूनच घरी जाता आलं असतं. रूपा जिन्यापाशी तशीच उभी होती. सुलेखा परत आत गेली. कडूबाईला नर्सनं कागदावर अंगठा द्यायला बोलावलं, तेवढ्यात तिनं खाटेजवळ वाकून सांगितलं, "मीच सुलेखा."

अपेक्षानं तिची मिशी पाहिली, शर्ट पाहिला, खिशाला लावलेलं प्रणय नावाचं ओळखपत्र पाहिलं.

"चार वर्षं?"

"एक दिवसही नाही. गोळीही कधी खाल्ली नाही. डॉक्टरना सगळं सांगितलंय मी."

अपेक्षानं भिंतीकडं तोंड केलं. तशीच म्हणाली, "तुम्ही जा."

रोज ताई, ताई करणारी मुलगी तुम्ही म्हणाली ते परक्याला म्हणतात तसं. सुलेखा गेली.

पोटात सुया टोचून टोचून अपेक्षाची गाठ आटोक्यात आली. नवव्या दिवशी तिला सुट्टी मिळाली, सहा महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या घ्यायच्या होत्या. सुलेखानं त्या आठवड्यात ग्रुपावर लिहिलं. चार ओळी होत्या. मी खोटं बोलले, मी अजून काहीच सुरू केलेलं नाही, माझ्या सांगण्यावरून एक मुलगी मरता मरता वाचली, औषधाबद्दल मी जे काही बोलले ते सगळं पुसून टाका. कुणी शिव्या दिल्या, कुणी ग्रुप सोडला. पैठणच्या एकीनं लिहिलं की अपेक्षानं तुमचा तो निरोप मलाही पाठवला होता, मीही त्या गोळ्या आणून ठेवल्या होत्या, आज फेकल्या. तो निरोप आणखी कुणाकुणापर्यंत गेला होता, कुणास ठाऊक.

त्या रविवारी ती पहिल्यांदा छावणीत गेली आणि दारालगत बसली. रूपा नव्या मुलींना सांगत होती. घाई करू नका. आधी मनाच्या डॉक्टरशी बोला, मग रक्त, साखर, लिव्हर तपासा, घरात कुणाला काय दुखणं आहे ते आईला विचारून या. पुढंमागं मूल हवंय का त्याचा विचार औषधाच्या आधी करायचा, नंतर नाही. चेहऱ्यावरचे केस जायला वर्ष-दीड वर्ष लागतं, आवाज रोज घोटावा लागतो. आणि घरात निदान एक माणूस असा शोधा, ज्याला खरं सांगता येईल. सुलेखा हे सगळं वहीत उतरवून घेत होती, शाळेतल्या पोरासारखं. बाकीच्या मुली तिच्याकडं पाहून आपसात कुजबुजत होत्या. रूपानं त्यांना गप्प केलं नाही, आणि सुलेखालाही ते योग्यच वाटलं. शेवटी रूपा म्हणाली की कागदांचं काम तू बघ, तुझ्याइतकं कुणाला येत नाय. त्याच्या पलीकडं कुणी विचारलं तर माझ्याकडं पाठव.

पुढं सुलेखानं स्वतःच्या तपासण्या करून घेतल्या. सुईला हात पुढं करताना तिला वाटलं, हे आपल्याला मिळतंय आणि त्या पोरीला मिळालं नव्हतं. भावजयीला तिनं सांगितलं. भावजय दोन दिवस गप्प होती, तिसऱ्या दिवशी फक्त जेवायला वाढू का म्हणाली.

चार महिन्यांनी एका रविवारी कडूबाई अपेक्षाला घेऊन छावणीत आली. अपेक्षानं घरी सांगितलं होतं. गोळ्यांचंही सांगितलं होतं, कुणी सुचवल्या ते मात्र नाही. अपेक्षा सुलेखाला पाहून खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसली. कडूबाईनं मात्र तिला ओळखलं.

"तुमी तवा दवाखान्यात आले होते नव्हं? डॉक्टर म्हणले, कुणीतरी खरं सांगितलं म्हणून नीट इलाज झाला. लई उपकार बाप्पा."

हे उपकार घेऊन गप्प बसणं सुलेखाला सोपं होतं. अपेक्षा पलीकडून एकटक पाहत होती.

"मावशी, त्या गोळ्या मीच सांगितल्या होत्या तिला," सुलेखा म्हणाली. "मला काही माहीत नसताना."

कडूबाईचा हात पदराशी थांबला.

"काहून?" कडूबाईनं विचारलं.

"मला तिच्यासमोर मोठं व्हायचं होतं."

कडूबाईनं शिवी दिली नाही, की बरं म्हटलं नाही. उठली आणि लेकीजवळ जाऊन, तिच्या दुखऱ्या पायावर हात ठेवून बसली. सभा संपेपर्यंत तिनं सुलेखाकडं एकदाही पाहिलं नाही.

निघताना सुलेखा रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवून उभी राहिली. कडूबाई आधी चढली. अपेक्षा पाय जपत, दांडीला धरून चढली आणि रिक्षावाल्यानं गिअर टाकायच्या आत बाहेर वाकली.

"पुढच्या रविवारी माझे कागद आणीन," ती म्हणाली. "नावाचं काम तेवढं करून द्या. बाकी काय बोलायचं नाय मला."

"आण," सुलेखा म्हणाली. "आधार आणि शाळेचा दाखला, दोन्ही आण."