डाव्या पायातून निसटताना

मी एक जुनी डावी चप्पल आहे, मित्रांनो. रबराचा तळ, रेक्झिनचा पट्टा; चामडं कुठेच नाही, म्हणून तर मेडशीच्या अंगुरीबाईंनी मला निवडलं. आता रीतीप्रमाणे मी जन्मापासून सांगायला हवं. पण तेवढा धीर नाही. मधूनच सुरू करते.

मी निसटले.

मंदिरातून परतताना पायातून निसटले, आणि अंगुरीबाई तशाच पुढे गेल्या. वैशाखातला डांबरी रस्ता, पाय उघडा, आणि त्यांना पत्ताच नाही! सून त्रिशला मला हातात घेऊन मागून धावली. "आई, चप्पल!" त्यांनी खाली पाहिलं, तेव्हा कुठे कळलं.

मग हे रोजचंच झालं. मला बोलता येत नाही. निसटणं हेच माझं बोलणं. 'या पायाला मी कळत नाही हो,' एवढंच मला सांगायचं होतं.

त्यांचे यजमान कांतीलालशेठ मला चपला शिवणाऱ्या देवमनकडे घेऊन गेले.

"ढिली झाली. मागून इलास्टिक लाव."

देवमनने मला उलटसुलट पाहिलं. "शेठ, चप्पल तं घट्ट हाये. पायालेच काही झालं असन."

"तू डाक्टर हाये का? शिव मुकाट्यानं."

त्याने शिवलं.

आता निसटायचीही सोय नाही. घरात सगळे खूश, 'चप्पल पडत नाही' म्हणून. मी मात्र त्या मुक्या पायाला जखडलेली. पाय फरफटायचा, माझं टोक झिजायचं. एकदा बाभळीचा काटा माझ्या तळातून आरपार त्यांच्या पायात रुतला. त्या चालत राहिल्या. मी रक्ताने भिजत होते. ना सांगता येत होतं, ना सुटता.

ओट्यावरचे लाल ठसे पाहून त्रिशलाने त्यांना मालेगावच्या डॉक्टर रत्नमालांकडे नेलं. मी दाराबाहेर. काटा निघाला. मग आतून आवाज आला, "चप्पल आत आणा बरं."

माझं झिजलेलं टोक डॉक्टरांनी न्याहाळलं. "हे इलास्टिक कशाला?"

"निसटून राह्यली होती," त्रिशला म्हणाली.

"आणि आजींना कळत नव्हतं?" डॉक्टरांनी चिमट्यासारखा एक लोखंडी ट्यूनिंग फोर्क वाजवला आणि तो थरथरत असतानाच अंगुरीबाईंच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. "झणझण होते?"

"कायची झणझण वं, बाई?"

रक्त तपासलं. नसांना लागणारं, मांस-अंडी-दुधातून मिळणारं बी-बारा जीवनसत्त्व अगदी तळाला गेलेलं. मांस-अंडी घरात कधीच नव्हती, आणि सहा वर्षांपूर्वी नेम म्हणून अंगुरीबाईंनी दूध-दहीही सोडलं होतं. नसा उपाशी पडल्या होत्या.

"इंजेक्शनं घ्यावी लागतील."

"त्यात जनावराचं काही असन तं मी नाही घेत. पाय गेले तरी चालन."

"प्राण्यापासून नाही बनवत आजी. नेम तुमचा राहू द्या. पण उशीर केला, तर गेलेली नस परत येत नाही."

अंगुरीबाईंनी स्वतःच्या पायाकडे पाहिलं. मग त्यांनी बाही वर केली.

आधी रोज एक, मग आठवड्याला, मग महिन्याला. तीन महिने काहीच नाही. मी श्वास रोखून. चौथ्या महिन्यात त्या रस्त्यातच थांबल्या.

"त्रिशला, ही चप्पल चावून राह्यली वं! फेक तिले, दुसरी आण."

मित्रांनो, कुणाच्या पायातून चप्पल नकळत निसटू लागली, तर चप्पल बांधू नका. त्या माणसाला डॉक्टरकडे न्या.

मी आता उकिरड्यावर पालथी पडले आहे. माझी तक्रार नाही. चावते म्हणाल्या त्या. म्हणजे मी त्यांना कळले.