दहापासून

कपाट दोन खांबांच्या मधे सरकलं, आणि सरकतच गेलं.

खरं तर ते अडून बसायला हवं होतं. लाकडी हातोडीने चार मिनतवाऱ्या करून घेऊन मगच आत जायला हवं होतं. त्याऐवजी ते परक्या घरात शिरलेल्या शहाण्या पाहुण्यासारखं कशालाही न घासता आत जाऊन उभं राहिलं. डावीकडे खांबाला टेकलं, उजवीकडे फट राहिली. सुतारांच्या भाषेत फट म्हणजे पोस्टकार्ड जाईल एवढी जागा. या फटीतून मांजर गेलं असतं, तेही फारशी घाई न करता.

सासऱ्यांनी खांद्यावरचा पट्टा उतरवला. सुनेने आपल्या बाजूचा हात काढला. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी त्याला “येऊ दे, येऊ दे” म्हणत होतं.

“किती?” सासऱ्यांनी विचारलं.

तिने टेप लावला. “दहा.”

“बरोब्बर?”

“बरोब्बर दहा सेंटिमीटर.”

सव्वानऊ किंवा अकरा असते तर दोघांनाही जरा बरं वाटलं असतं. भिंतीचा बाक, हवेतली ओल, लाकडाचा स्वभाव असं काहीबाही पुढे करता आलं असतं. पण बरोब्बर दहा ही लाकडाची चूक नसते. ती माणसाची असते, आणि त्यांच्या कारखान्यात माणसं दोनच होती.

सासरे टेपच्या टोकावर विश्वास ठेवत नसत. टेपचं टोक आणि माणसाचं पहिलं वाक्य दोन्ही हलतात, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून ते शून्य कधीच धरत नसत. दहाचा आकडा काठाला लावायचे, तिथून मोजायचे आणि येईल तो आकडा जसाच्या तसा फळकुटावर लिहायचे. कागदावर नाही, कारण कागद हरवतो. त्यातले दहा वजा करायचं काम आधी सासूबाईंचं होतं. त्या गेल्या आणि वर्षभराने फर्निचर डिझाइन शिकलेली सून घरात आली. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला कारखान्याचा एकमेव नियम सांगितला होता.

“मी दिसेल ते लिहीन. दहा तू काढायचे. दोघांनी काढायचे नाहीत आणि दोघांनी ठेवायचे नाहीत. संसारही असाच चालतो.”

पाच वर्षं दोन्ही चाललं होतं.

नियम आज मोडायला नको होता. गेल्या रविवारी जेवताना सासऱ्यांच्या मुलाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, कारखान्याच्या शेडचा विषय पुन्हा काढला होता. लोकांना त्यांचे धंदे कसे बंद करावेत हे समजावून सांगायची त्याला नोकरी होती, आणि घरी आल्यावरही तोंड थांबत नसे. शेड टायरवाल्याला भाड्याने देऊ, बाबांचं वय झालं, आज ना उद्या मापात चूक होणारच, असं तो म्हणाला. सासऱ्यांनी घास खाली ठेवला.

“माझं माप ज्या दिवशी चुकेल, त्या दिवशी टेप खाली ठेवीन.”

मुलाने ते वाक्य तिथल्या तिथे फोनमध्ये लिहून घेतलं होतं. तारखेसकट.

आता प्रश्न एवढाच होता की हे दहा कुणाचे. तिने दहाऐवजी वीस वजा केले असतील, तर चूक तिची. तिशीतल्या माणसाची चूक म्हणजे शिकणं असतं. आणि सासऱ्यांनीच आकडा चुकीचा लिहिला असेल, तर सदुसष्ट वर्षांच्या माणसाच्या चुकीला घरात दुसरा शब्द तयार होता.

“बाई किती वाजता येणार?” तिने विचारलं.

“बारा म्हणाल्यात. म्हणजे बारा.”

घड्याळात पावणेअकरा होत होते. घर बाईंचं होतं. त्या शेजारणीला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या आणि किल्ली विश्वासाने ठेवून गेल्या होत्या. बाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. सासरे तिसरीत असताना त्यांना शिकवायला होत्या, आणि वजाबाकीत नापासही त्यांनीच केलं होतं. वर्गात दोघे एकाच नावाचे म्हणून त्या त्यांना हजेरीच्या नंबराने हाक मारायच्या. अजूनही मारत. ऑर्डर द्यायला आल्या तेव्हा कारखान्याच्या दारातून “सतरा आहे का?” असं त्यांनी विचारलं, आणि सासरे चालू रंधा टाकून उभे राहिले होते.

खोलीभर पुस्तकं जमिनीवर मांडलेली होती. विषयवार, उंचीवार, प्रत्येक ढिगावर चिठ्ठी. कपाटाच्या मंजूर ड्रॉइंगची एक प्रत टेबलावर होती. तिच्यावर बाईंनी लाल पेनाने सही केली होती आणि जाता जाता ‘शेल्फ’ खोडून ‘फळी’ केलं होतं.

सून हत्यारांच्या पेटीशी जाऊन बसली. पटाशा बाजूला केल्या, गुण्या काढला, स्क्रूंचे डबे उचलले. फळकूट तळाशी होतं. त्यावर सासऱ्यांच्या अक्षरात, दोनाला लांब शेपटी काढून लिहिलेलं होतं: १५२.

खांबांमधली खरी जागा तेवढीच होती. म्हणजे दहा त्यांनी आधीच काढले होते. तिने सवयीने पुन्हा काढले आणि कपाट एकशे बेचाळीसचं झालं.

तिला क्षणभर हलकं वाटलं. मुंग्या आलेल्या पायातल्या मुंग्या जाव्यात तसं. मग गेल्या महिन्यातल्या गोष्टी एकेक करून समोर येऊन बसल्या. एकाच गिऱ्हाइकाला त्यांनी दोनदा केलेला फोन. कानावर पेन्सिल असताना शेडभर घेतलेला पेन्सिलचा शोध. तेव्हा ती हसली होती.

“फळकुटावर काय आहे?” सासऱ्यांनी विचारलं. ते तिच्याकडे पाठ करून फटीसमोर उभे होते.

तिचा अंगठा आकड्यावर गेला.

“एकशे बासष्ट.”

कपाटाच्या कडेवरून फिरणारा त्यांचा हात थांबला, आणि मग पुन्हा फिरू लागला.

“मग वीस काढलेस तू.”

“हो. ड्रॉइंग करताना मधे कुणाचा तरी फोन आला असेल. चुकले, बाबा.”

“वीस,” सासरे म्हणाले. “बरं.”

ती ओरडा खायला तयार होऊन बसली होती. पेन्सिलीला टोक नसलं तरी ते अर्धा तास बोलत. आज त्यांनी फक्त बाह्या दुमडल्या. तिने फळकूट एप्रनच्या खिशात खुपसलं. ते खिशापेक्षा लांब होतं. आकडा आत गेला, दोन बोटं लाकूड बाहेर राहिलं.

“परत नेऊ या का? चार दिवसांत दुसरं करू,” ती म्हणाली.

“आणि बाईंना काय सांगू? पुस्तकं आणखी चार दिवस जमिनीवर बसवा म्हणून?” त्यांनी फटीत हात घालून पाहिला. “टेम्पोत पट्ट्या किती आहेत?”

“रुंद दोन. बारीक तीन-चार.”

“आण. उभा कप्पा करू. खाली तळ, वर टोपी, खांबाला लागून एक पट्टी. जन्मापासून तिथेच होता असं वाटलं पाहिजे.”

ती तीन जिने उतरली आणि पट्ट्या घेऊन चढली. बाल्कनीत स्टूल टाकून कामाला सुरुवात झाली. ती आखायची, ते कापायचे. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी एक बाई हातातलं काम टाकून बघत उभी राहिली. दुसऱ्याची घाई बघण्यात जे सुख असतं ते तिच्या चेहऱ्यावर होतं.

सून मात्र त्यांचे हात बघत होती. करवत रेषेवर उतरली, आणि कापून झाल्यावर पेन्सिलीच्या रेघेची निम्मी जाडी लाकडावर शाबूत होती. दुसऱ्या पट्टीवरही तेच. तळ बसला, टोपी बसली. पट्टी एका बाजूने केसभर वर राहिली, म्हणून ती परत रंध्याखाली गेली.

“स्क्रू दे.”

तिने दिला.

“हा नाही. लहान.”

तिच्या हातातून डबा निसटला आणि स्क्रू चिठ्ठ्या लावलेल्या ढिगांमध्ये पळाले. ‘इतिहास’मधून तिने चार गोळा केले, ‘प्रवासवर्णन’मधून तीन. वर मान करून घड्याळ पाहिलं. अकरा चाळीस. शेवटचा स्क्रू आत जात असतानाच जिन्यात काठीचा आवाज आला. टक, आणि थांबणं. टक, आणि थांबणं.

“बारा म्हणाल्या होत्या,” सून पुटपुटली.

“तपासणीला त्या नेहमी लवकरच यायच्या,” सासरे म्हणाले आणि पायाने भुसा कपाटाखाली सारला.

बाई आत आल्या. शेजारीण त्यांना दारात सोडून गेली. डोळ्यांत थेंब घातलेले, वर मोठा काळा चष्मा.

“डॉक्टर म्हणाला, दोन तास काही दिसायचं नाही,” त्यांनी जाहीर केलं. “झालं का?”

“झालं, बाई.”

बाईंनी काठी टेबलाला टेकवली आणि कपाटावर तळहात ठेवला. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, एकेक फळी मोजत हात निघाला. उत्तरपत्रिका अशीच तपासायच्या त्या, एकही ओळ न गाळता. सासरे हातातली हातोडी या हातातून त्या हातात करत होते. हात उजव्या कडेला आला आणि उभ्या कप्प्यात कोपरापर्यंत आत गेला.

“हे काय?”

“उभा कप्पा, बाई,” सून म्हणाली. “काठी राहील, गुंडाळलेले नकाशे राहतील…”

“मी सांगितला होता?”

“नाही.”

“सही केली त्या कागदावर होता?”

“नाही.”

“म्हणजे चूक आहे.” बाईंच्या आवाजात राग नव्हता. तो साठ वर्षांपूर्वीही नसायचा, असं सासरे सांगत. “कुणाची? हात वर.”

सुनेचा हात वर गेला. मग बाईंना दिसत नाही हे तिच्या लक्षात आलं.

“माझी,” ती म्हणाली.

शेजारी हातोडी जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला. तिने वळून पाहिलं. सासऱ्यांचाही हात वर होता, कोपरात जरा वाकलेला, दोन बोटांत पेन्सिल. नजर समोरच्या भिंतीवर.

“दोन हात दिसतायत,” बाई म्हणाल्या. पाठमोऱ्या असताना त्यांना कसं दिसतं हे शाळेतही कुणाला कळलं नव्हतं. “सतरा, तू हात खाली घे. तुझं बरोबर होतं. मी स्वतः तपासलंय.”

हात वरच राहिला.

“मोजायला आला होता ना हा,” बाई सुनेला सांगू लागल्या, “तेव्हा म्हणाला, एकशे बासष्ट. म्हटलं, अरे, पण धरलंयस दहापासून. मग झाले किती? उत्तर येईपर्यंत टेप गुंडाळायचा नाही म्हटलं. घेतलं चांगलं मिनिटभर. पण सांगितले एकशे बावन्न, आणि माझ्यादेखत लिहिले. एकोणसाठ वर्षं लागली, पण आली वजाबाकी.”

सुनेचा हात आपोआप एप्रनच्या खिशाकडे गेला. दोन बोटं लाकूड अजून बाहेर होतं. फळकुटावर काय आहे, हे सासऱ्यांनी तिला विचारलं होतं ते माहीत नव्हतं म्हणून नव्हे.

सासऱ्यांनी हात खाली घेतला. पेन्सिल कानावर ठेवायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

बाई भिंत चाचपत दारामागे गेल्या आणि एक लांब लाकडी पट्टी घेऊन आल्या. फळ्यावर रेघा मारायची, मीटरभर, कडा झिजलेली. सासऱ्यांची उजवी मूठ मिटली. बाईंनी कप्प्याचा काठ बोटाने शोधला आणि पट्टी आत उभी केली. ती राहिली.

“हिला या घरात कधी जागाच नव्हती,” त्या म्हणाल्या. “राहू दे कप्पा. पण चूक ती चूकच.”

“हो, बाई,” दोघं एकदम म्हणाली.

टेम्पो सून चालवत असे. तिने किल्ली लावली, पण फिरवली नाही. शेजारून सासऱ्यांनी तिच्या खिशातलं फळकूट उपसून काढलं, आकडा पाहिला आणि ते समोरच्या काचेपाशी ठेवलं.

“खोटं बोलतेस.”

“हो.”

“तेही नीट नाही. फिनिशिंगला कच्चं आहे.”

“सवय नाही, बाबा.”

“लावूही नकोस.” त्यांनी फळकूट पालथं केलं. “कपाट सरकलं तेव्हाच कळलं होतं मला. त्या दिवशीच तुला सांगणार होतो, की या वेळी दहा काढू नकोस. जिना उतरेपर्यंत लक्षात होतं.”

तिने किल्लीवरचा हात काढला.

त्यांनी कमरेचा टेप सोडवला, तळहातावर तोलला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

“ठेवला खाली.”

“बाबा, यांना हे कळलं तर शेड…”

“त्याने लिहून घेतलंय ना? वाच म्हणावं. टेप ठेवीन म्हटलं होतं मी. शेडचा त्यात शब्द नाही.” त्यांनी खिडकीची काच खाली केली. “तीन वाजता त्या चष्मेवाल्याच्या शोकेसचं माप घ्यायचंय. चल.”

चष्म्याच्या दुकानात भिंतभर आरसे होते. मालक गिऱ्हाइकात होता. त्याने नुसतीच मागच्या भिंतीकडे मान उडवली. सुनेने टेपचं टोक भिंतीच्या कोपऱ्याला लावलं, थांबली, ते पुढे सरकवलं आणि दहाचा आकडा कोपऱ्यावर आणला. मग टेप ओढत दुसऱ्या टोकाला गेली.

“तीनशे सदतीस,” ती म्हणाली.

मागे सासऱ्यांनी कानावरची पेन्सिल काढली. लाकडावर तीन आकडे उमटल्याचा आवाज आला, आणि थांबला. मान किंचित कलती केली असती तर फळकुटावर ३३७ आहे की ३२७, ते कोपऱ्यातल्या आरशात दिसलं असतं.

तिने टेप गुंडाळला.

“लिहिलं?”

“लिहिलं.”

“चला मग,” ती म्हणाली आणि आरशाकडे न बघता उंची मोजायला स्टुलावर चढली.