एक ते चार ऊन बंद

आमच्या सोसायटीत दुपारी एक ते चार लिफ्ट बंद असायची. याचं आश्चर्य वाटत असेल, तर तुम्ही कोथरूडमध्ये नुकतेच आलेले दिसता. कॉमन मीटरचं बिल वाढलं म्हणून सभेत ठराव झाला आणि तो मांडला आमच्याच ह्यांनी. श्यामसुंदर नाव, सोसायटीचे अध्यक्ष. लिफ्टची किल्ली ह्यांच्या उशीखाली, उशीवर ह्यांचं डोकं आणि दारावर पाटी: 'दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये. वाजवल्यास दार उघडण्याची अपेक्षा ठेवू नये.' ही पाटी ते दर रविवारी ओल्या फडक्याने पुसतात. पंख्याला तो मान नाही.

मी मंदाकिनी. पहिल्या मजल्यावर राहते. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले आणि माझा आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जातो.

चौथ्या मजल्यावर शैला आणि सीतारामभाऊ. आम्ही दोन्ही कुटुंबं एकाच आठवड्यात इथे राहायला आलो. पहिल्याच दिवशी शैलाने माझा गॅसचा लायटर मागून नेला, तो अजून परत आलेला नाही. त्यावरून सुरू झालेलं बोलणं आजतागायत संपलं नाही. रोज पाचला पार्किंगमधल्या बाकावर बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवायची. बुद्धपौर्णिमेला ती अख्ख्या इमारतीला खीर द्यायची. ती नातवंडांकरवी पाठवायची नाही, स्वतः प्रत्येक दारात जाऊन उभी राहायची आणि आपण चाखेपर्यंत हलायची नाही.

गेल्या दिवाळीनंतर तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. फेब्रुवारीत ती डॉक्टरांकडून तपासून परत आली ती नेमकी दीड वाजता. लिफ्टला कुलूप. वॉचमन म्हणाला, किल्ली अध्यक्षांकडे. सीतारामभाऊ आमच्या दारापर्यंत आले, पाटी वाचली आणि परत गेले! अहो, इतका सज्जनपणा काय कामाचा? मी त्या दिवशी सदाशिव पेठेत बहिणीकडे गेले होते. परत आले तर शैला पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, पाय सुजलेला, आणि वर मलाच म्हणते, "बरं झालं गं, आज लवकर भेटलो."

मी वर गेले आणि ह्यांना असं काही उठवलं की तिसऱ्या मजल्यावरचं पोर रडायला लागलं. हे म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा." मी त्या रात्री आमटीत मीठ घातलं नाही. तेही सगळ्यांना सारखंच होतं.

पण शैलाचा मुलगा अनिरुद्ध माझ्यासारखा आमटीवर थांबणारा नव्हता. तो हडपसरला एका उंच टॉवरमध्ये राहतो. तिथे चार लिफ्ट, वीज गेली तर जनरेटर. तो म्हणाला, "आईबाबा, बास झालं. उन्हाळ्यात फ्लॅट भाड्याने देऊ. तुम्ही दोघं माझ्याकडे चला."

हडपसर! कोथरूडहून हडपसरला जायचं म्हणजे सकाळी निघालं की माणूस तिथे जेवूनच परत येतो. आमचे पाचच्या बाकावरचे दिवस संपले, हे मला स्वच्छ दिसलं.  शैला नुसती बाकावरून हात फिरवत बसली. 

तेवढ्यात आमच्या सेक्रेटरीने, केदारने, सोलरचं काढलं. दुसऱ्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा, लॅपटॉप घेऊन सभेत आला. "काका, आपल्या टेरेसवर पॅनल बसवू. सरकारची सबसिडी आहे, उरलेल्याला बँक स्वस्तात कर्ज देते, हप्ता बिलाच्या बचतीतून जातो. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, सगळं त्यावर. लिफ्ट दिवसभर चालू ठेवता येईल."

"सरकार देतंय म्हणजे काहीतरी गोम असणार," मागून कोणीतरी म्हणालंच.

"आणि रात्री काय? चांदण्यावर चालणार?" हे म्हणाले.

केदार नेट मीटरिंग की काय ते इंग्रजीत समजावायला लागला, तशी मीच उठले. "अहो, भिशी आहे भिशी! दिवसा जास्तीची वीज कंपनीकडे टाकायची, रात्री आपली आपण उचलायची. बिल फक्त फरकाचं. कळलं?" सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. पुरुषांना थोडा वेळ लागला.

शेवटी ह्यांनी अट घातली. एक उन्हाळा बघू. एप्रिलचं बिल खरंच निम्म्याने उतरलं तर लिफ्ट दिवसभर चालू. नाहीतर एक ते चार बंद म्हणजे बंद. अनिरुद्धही म्हणाला, "ठीक आहे, एप्रिलच्या बिलापर्यंत थांबतो." म्हणजे माझी मैत्रीण राहणार की जाणार, हे आता उन्हावर होतं.

मार्चमध्ये पॅनल बसली. बसवणारा म्हणाला, "काळजी घेतलीत तर पंचवीस वर्षं बघायला नको." हे ऐकून सीतारामभाऊंच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी पाहिली. हा माणूस जिल्हा परिषदेतून निवृत्त झाला, पण वस्तू जपण्यातून नाही. भाऊंच्या स्कूटरला कव्हर, त्या कव्हरला धूळ लागू नये म्हणून वरून दुसरं कव्हर. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत. शैलाच्या वॉकरच्या मुठींवरचं मूळचं प्लॅस्टिकही काढू दिलेलं नाही. टेरेसच्या जिन्याशी राहतात, म्हणून पॅनल पुसायचं काम आणि टेरेसची किल्ली त्यांनी आपणहून मागून घेतली. सगळ्यांना वाटलं, बरं झालं.

एप्रिलचं बिल आलं. उतरलं होतं, पण निम्मंसुद्धा नाही.

केदार संध्याकाळी आमच्याकडे आला, चेहरा पडलेला. फोनमधला आलेख दाखवला. "काकू, हे बघा. सकाळपासून मस्त चढतं. एक वाजला की धपकन खाली. चार वाजता परत उठतं. रोज!"

"पुण्याचं ऊन आहे," हे म्हणाले, "झोपत असेल दुपारचं."

मला हसू आलं नाही. केदारने कंपनीचा माणूस बोलावला. तो सकाळी दहाला आला, सगळं ठोकून बघितलं, कुठे दोष नाही. म्हणाला, "दुपारी येऊन बघतो." हे म्हणाले, "दुपारी? दुपारी कोण दार उघडणार?" झालं, तो गेला तो गेलाच. केदार दिवसभर हिंजवडीला, सुट्टीच्या दिवशी तोही झोपलेला. राहिलेली अख्खी इमारत एक ते चार घोरत. कोणी वर जाऊन बघणार कसं?

सीतारामभाऊंना एवढंच कळलं की वीज कमी पडतेय. त्यांचं तोंड इतकंसं झालं. "थकत असतील बिचारी," असं काहीसं पुटपुटले, तेव्हा मी लक्ष दिलं नाही. पुढच्या आठवड्यात केदार म्हणाला, "काकू, आता बाराच वाजता पडायला लागलंय!"

अनिरुद्धने शनिवारचा टेम्पो ठरवला.

गुरुवारी दुपारी मी आडवी झाले, पण झोप कसली येतेय! बाजूला हे सुखाने घोरत होते. मला तो आवाज सहन होईना. उठले, चपला घातल्या आणि तीन मजले चढून गेले. तीनदा थांबले आणि प्रत्येक वेळी ठराव मांडणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली. वर शैला भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत बसली होती.

"तू? या वेळी?" तिने डोळे मोठे केले. "काय झालं?"

"काही नाही. भाऊ कुठेत?"

"टेरेसवर. हल्ली दुपारचे झोपतच नाहीत. छत्री घेऊन जातात."

मी वर गेले. दार ढकललं आणि जागीच थांबले.

सगळी पॅनल साड्या नेसून बसली होती. शैलाच्या साड्या! ती पोपटी, ती मोरपंखी, अनिरुद्धच्या बारशाची ती जांभळी. कडेने चिमटे लावून नीट ताणून बसवलेल्या, एक चुणी नाही. मधोमध टाकीच्या सावलीत सीतारामभाऊ, छत्री उघडून, पुतळ्यासारखे बसलेले.

"भाऊ! हे काय चाललंय?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू, वहिनी. आत्ताच झाकलीयत."

जशी काही पाळण्यातली पोरं!

"का झाकलीयत?"

"अहो, केदारच म्हणाला होता ना, पॅनल फार तापलं की वीज कमी देतं. मग मी म्हटलं, भर उन्हात जरा विसावा द्यावा. मिक्सरसुद्धा आपण थांबवून थांबवून चालवतो. पंपालाही विश्रांती देतो. माणसं झोपतात, लिफ्ट झोपते, ह्यांनीच का राबायचं? आधी एक ते चारच झाकत होतो. बिल बघितल्यावर बारापासून झाकायला लागलो." मग जरा अभिमानाने म्हणाले, "एका साडीत अडीच पॅनल बसतात."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. "अहो, डोंबल तुमचं! ऊन झाकल्यावर वीज येणार कुठून? साडीच्या काठातून?"

"सकाळी येते की," ते म्हणाले. "पंचवीस वर्षं टिकवायचीत, वहिनी. ही बिघडली की लिफ्ट बंद. लिफ्ट बंद पडली की शैलाला इथे राहता येणार नाही. मला हडपसरला काय, कुठेही चालेल. पण ती संध्याकाळी पाच वाजले की घड्याळाकडे बघते. तिथे कोणाकडे बघणार?"

झालं. वर्गात पोरांना उभं करून झापायचे तसलं भाषण तयार होतं, ते तिथेच राहिलं. मी चिमटे काढायला लागले. पोपटी साडी ओढली, मोरपंखी ओढली. तेही उठून दुसऱ्या टोकाने काढायला लागले. मग मी केदारला फोन लावला.

"तुझं ते ॲप उघड आणि सांग काय दिसतंय."

"काकू, मीटिंगमध्ये आहे."

"मी पण उन्हात आहे. उघड!"

"थोडं थांबावं लागेल, ताजे आकडे यायला वेळ लागतो."

आम्ही दोघं छत्रीखाली उभे राहिलो. सीतारामभाऊंनी साड्यांची चौकोनी घडी करून छातीशी धरली होती. माझ्या टाळूवर ऊन मी म्हणत होतं. भूगोलात इतकी वर्षं सूर्य शिकवला, पण त्याला 'तळप बाबा, आणखी तळप' असं म्हणायची वेळ पहिल्यांदाच आली.

फोनमधून केदार ओरडला, "काकू! सरळ वर गेलंय! इतकं कधीच नव्हतं. काय केलंत तुम्ही? काय झालं होतं?"

मी सीतारामभाऊंकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.  मग म्हणाले, "म्हणजे मीच तिला पाठवत होतो?"

"सावली पडत होती," मी केदारला सांगितलं. "आता काढलीय." आणि फोन ठेवला.

भाऊंना म्हटलं, "कोणाला काही बोलायचं नाही. साड्या जिथल्या तिथे ठेवा. आणि डोळे पुसा, नाहीतर शैला मला विचारेल."

खाली आले. हे तसेच पसरलेले. उशीखाली हात घातला आणि किल्ली काढली. झोपेतच म्हणाले, "कोण आहे?" मी म्हटलं, "अध्यक्ष," आणि लिफ्ट उघडून दिली. चारला उठून त्यांनी आरडाओरडा केला. मी केदारने फोनवर पाठवलेला आलेख त्यांच्या नाकासमोर धरला आणि म्हटलं, "अट तुमची. ऊन उठलंय, आता तुम्हीही उठा." आलेख त्यांनी चष्मा लावून दोनदा बघितला. मग म्हणाले, "मी म्हणतच होतो, सोलर चांगलं असतं." असा हा माणूस!

शनिवारी अनिरुद्ध टेम्पो घेऊन आलाच, तेही मुद्दाम भर दोन वाजता. बटण दाबलं, लिफ्ट खाली आली. वर गेला, खाली आला, परत वर गेला. शेवटी आईच्या हातचं जेवला. टेम्पोला रिकामा कसा पाठवायचा, म्हणून जुना कूलर घेऊन हडपसरला गेला.

मग बुद्धपौर्णिमा आली. दुपारची वेळ, मी नुकतीच आडवी झाले होते, आणि बेल वाजली. आमच्या दाराची बेल! एक ते चारमध्ये! इतक्या वर्षांत ही हिंमत कोणी केली नव्हती. ह्यांनी झोपेतून आरोळी ठोकली, "पाटी वाचता येत नाही का?"

मी दार उघडलं. वॉकर धरून शैला उभी होती, मुठींवर प्लॅस्टिक तसंच. वॉकरला खिरीचा डबा अडकवलेला, अंगावर पोपटी साडी. पदरावर मधोमध मोठा चौकोन विटून पांढुरका झालेला.

"ही कपाटातच होती, विटली कशी कोण जाणे," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली. तिला सगळं कळलेलं आहे, हे मला त्या हसण्यातून कळलं. माझे डोळे भरून आले, लपवले नाहीत.

"चाख आधी," ती म्हणाली, "मग रड."

आतून पुन्हा आवाज आला, "अगं, कोण आहे या वेळी?"

"शैला आहे," मी ओरडले, "झोपा तुम्ही!" आणि दारावरची पाटी खिळ्यावरून काढून टेबलावर तिच्या गरम डब्याखाली ठेवली.